वरचा वारा

"फुगा खाली येतोय," फ्रान्सिस म्हणाला.

हे त्यानं इतक्या हळू म्हटलं, की डॉ. सोहोनींनी चहाचा कप तोंडाशी तसाच धरून विचारलं, "काय?" फ्रान्सिस डिमेलो आमचा रेडिओ इंजिनिअर, वसईकडचा. आवाज चढवायची त्याला सवयच नव्हती. त्यानं कानांवरचा हेडफोन काढला आणि यंत्रातून सरकत येणाऱ्या कागदी पट्टीवर बोट ठेवलं. इतका वेळ सरळ चाललेली शाईची रेघ आता वाकायला लागली होती.

"गळती आहे, सर. बारीक आहे, पण आहे."

सोहोनींनी कप खाली ठेवला.

ही एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या चैत्री पौर्णिमेची सकाळ. मराठवाड्याच्या पार कडेला, एका उघड्या माळावर आमच्या संस्थेचं केंद्र होतं: पत्र्याची दोन मोठी गोदामं, एक दगडी खोली आणि मैदान. तिथून आकाशात अवाढव्य फुगे सोडले जायचे. पातळ प्लॅस्टिकचे, आत हायड्रोजन भरलेले, वर जाऊन पूर्ण फुगले की एखाद्या टेकडीएवढे. त्यांच्या खाली दोराला टांगलेली यंत्रं लाखभर फूट उंचीवर दिवसभर तरंगत राहायची. त्या पहाटे गेलेलं यंत्र सोहोनींचं होतं. एक दुर्बीण, आरशांसकट सहाशे किलोची. ती त्यांनी नऊ वर्षं स्वतःच्या हातांनी घडवली होती.

मी शालन निंबकर, केंद्रावरची हवामान निरीक्षक. माझं काम वरचा वारा मोजण्याचं. जमिनीवर पान हलत नसतं तेव्हाही वर वाऱ्याचे वेगवेगळे थर वाहत असतात, आणि ते ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळाभर चाळीसेक हजार फुटांवर पश्चिमेकडून एक जोराचा प्रवाह वाहतो. चैत्र आला की तो लटपटायला लागतो, कधी ओसरतो, कधी पुन्हा उसळतो. त्याच्याही खूप वर त्याच सुमाराला वारा पूर्वेकडून यायला लागतो. दोन्ही बदल जुळून येण्याच्या थोड्याशा दिवसांतच मोठे फुगे सोडायचे. कारण खालचा प्रवाह फुग्याला पूर्वेला ढकलतो, वरचा त्याला हळूहळू परत आणतो, आणि फुगा फार लांब पळत नाही.

काम संपलं की फ्रान्सिस रेडिओवरून हुकूम द्यायचा, दोर कापला जायचा आणि यंत्र हवाई छत्रीला लटकत खाली यायचं. ते कुठे उतरेल हे मी मोजलेल्या वाऱ्यावरून ठरायचं.

"दोर कापा," सोहोनी म्हणाले. "आत्ता. फुगा त्या पश्चिमेच्या प्रवाहात शिरला की फाटेल. दोर छत्रीत अडकले तर दुर्बीण धोंड्यासारखी पडेल."

फ्रान्सिसनं बटणावरचं लाल झाकण उघडलं.

"सर, थांबा," मी म्हणाले.

सोहोनी वळले. पन्नाशीचा, काटक, तिरसट माणूस. फुगा वर असला की त्यांच्याशी कुणी विनाकारण बोलत नसे.

"आत्ता कापलं तर कुठे उतरेल?" त्यांनी विचारलं.

"पहाटेच्या वाऱ्यानं उतरलं तर जांभळीच्या पलीकडे. माळावर."

"मग? पहाटेचे आकडे तुमचेच आहेत ना?"

"माझेच आहेत. पण ते पहाटेचे आहेत. तुम्ही जरा बाहेर या."

ते आले ते रागानंच. मी वर हात केला. खूप उंचावर पिसांसारखे तीन-चार पांढरे ढग होते. "सूर्योदयाला असेच ढग धावत होते, सर. मी गोदामाच्या पत्र्याआडून जाताना बघितलेत. आता बघा."

सोहोनींनी गोदामाच्या कडेशी डोळा लावून ढग जोखला. ढग जागचा हलत नव्हता.

"वारा पडलाय," मी म्हणाले. "किती पडलाय ते मोजल्याशिवाय कळणार नाही. पण पडला असेल तर यंत्र जांभळी ओलांडणार नाही. जांभळीतच उतरेल."

जांभळी म्हणजे पूर्वेचं गाव. तिथल्या मारुतीची जत्रा त्याच दिवशी होती. आमच्या केंद्रावरचे फुगा भरणारे दोघं, स्वयंपाकी, पहारेकरी, सगळे पहाटेचं काम आटोपून तिकडेच गेले होते.

आत आलो तेव्हा फ्रान्सिसनं बेंबडेला वायरलेसवर घेतलं होतं. गंगाधर बेंबडे यंत्र परत आणण्याचं काम बघायचा. जीप घेऊन तो जांभळीपलीकडच्या माळावर जायला निघाला होता.

"बेंबडे, कुठे आहात तुम्ही?" सोहोनींनी विचारलं.

खरखरीतून आवाज आला. "जत्रंतच अडकलोय, साहेब. पुढं जायला वाटच नाही. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही बघा इथं. आजूबाजूची सगळी गावं लोटलीत."

"मैदान रिकामं करता येईल?"

"काय म्हणता?"

"माणसं हलवता येतील का तिथून?"

बेंबडेच्या मागून ढोलताशांचा आवाज येत होता, आणि भोंग्यावर कुणीतरी हरवलेल्या मुलाचं नाव पुकारत होतं. "साहेब, वरून कायतरी पडतंय म्हणून सांगितलं तर पडायच्या आधी चेंगरूनच मरतील लोकं. लई लेकरंबाळं आहेत."

सोहोनींनी माईक फ्रान्सिसच्या हातात दिला. "हा फुगा किती टिकेल?"

"याच गतीनं उतरला तर तासभर. गळती वाढली तर सांगता येत नाही."

"निंबकर, तुम्हाला किती वेळ हवा?"

"अर्धा-पाऊण तास. एक छोटा फुगा सोडून इथल्या दुर्बिणीतून त्याच्या मागे जायचं. तो कसा वाहतो त्यावरून वारा कळेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. थांबावं तर मोठा फुगा कधीही फाटू शकत होता, आणि फाटला तर खाली कोण आहे हे कुणालाच ठरवता आलं नसतं. कापावं तर माझं म्हणणं खरं ठरण्याची भीती. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

"सोडा तुमचा फुगा," ते म्हणाले. "आकडे मी लिहितो."

हाताखाली माणूस नव्हताच. मी सिलिंडर उघडला आणि सोहोनींनी पांढऱ्या रबरी फुग्याचं तोंड दोन्ही हातांनी नळीवर दाबून धरलं. फुगा माणसाच्या उंचीचा झाला तसा मी दोऱ्यानं गळा आवळला आणि सोडून दिला. मग थिओडोलाइटला डोळा लावला. ही कोन मोजायची दुर्बीण, तिपाईवर बसवलेली. निरीक्षकानं दोन चकत्या फिरवत फुगा मधल्या उभ्या-आडव्या रेघांवर धरून ठेवायचा. दुसऱ्यानं दर मिनिटाला बाजूचे आकडे वाचून लिहायचे. फुगा एकसारख्या गतीनं चढतो, त्यामुळे त्याची उंची माहीत असते, आणि कोनांवरून तो किती लांब गेला ते कळतं. नजर मात्र एक क्षणही हटता कामा नये. एकदा हरवलेला फुगा आकाशात पुन्हा सापडत नाही.

फुगा सरळ वर गेला, मग पूर्वेकडे कलला.

"मिनिट," सोहोनी म्हणायचे, आणि पेन्सिलची करकर ऐकू यायची.

फुगा पेरूएवढा दिसत होता, मग लिंबाएवढा, मग शेंगदाण्याएवढा. घामानं भुवई भिंगाला चिकटत होती. आतून फ्रान्सिसनं खिडकीतून सांगितलं, "सर, मोठा फुगा थोडा जास्त वेगानं उतरतोय."

"ऐकलं," सोहोनी म्हणाले. "मिनिट."

आता फुगा त्या प्रवाहाच्या थरात शिरायला लागला होता. पहाटे सोडलेल्या छोट्या फुग्याला याच उंचीवर वाऱ्यानं झटका दिला होता आणि तो पूर्वेला क्षितिजाकडे सुसाट सुटला होता. आता झटका बसला नाही. फुगा रमतगमत चढत होता. वारा पडला होता हे तेव्हाच कळलं. पण किती पडला होता, आणि त्याच्याही वरच्या थरात काय होतं, हे कळल्याशिवाय नकाशावर बोट ठेवता येत नव्हतं.

"निंबकर," सोहोनी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "दुर्बिणीच्या नळीची सावली बघा."

"नजर काढता येत नाही, सर."

"मग ऐका. तुमच्या दुर्बिणीची सावली माझ्या कागदावर पडतेय. मघाशी लांबलचक होती. आता आखडत चाललीय. गोल होत चाललीय."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. नळी नेमकी सूर्याकडे रोखली की तिची सावली वाटोळी पडते. नऊ वाजून गेले होते आणि सूर्य पूर्वेला निम्म्या आकाशावर आला होता. वारा पहाटेसारखा असता तर फुगा केव्हाच त्याच्या खालून निघून गेला असता. वारा पडला होता म्हणूनच तो तिथे रेंगाळत होता.

"काळी काच लावा," सोहोनी म्हणाले.

"लावली तर फुगा दिसत नाही."

"मग डोळा काढा. सूर्य पार झाला की पलीकडे पकडा."

"पलीकडे नेमका कुठे निघेल हे माहीत असतं, तर हा फुगा सोडला कशाला असता?"

"निंबकरबाई, मी सांगतोय डोळा काढा!"

"आकडे लिहा, सर."

भिंगातलं निळं आकाश आधी फिकट झालं. मग डाव्या कडेनं पांढरं व्हायला लागलं. फुगा आता तांदळाच्या दाण्याएवढा होता, पांढऱ्यावर पांढरा. मी श्वास धरून चकती फिरवत होते. मग ती पांढरी कड एकदम आत आली आणि सगळं भिंग भरून गेलं. त्या उजेडात तो दाणा काळा दिसला. काळा दिसला म्हणून तर दिसला. मी तो रेघांवर धरला. हे किती वेळ चाललं ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित दोन श्वास, कदाचित एकच. मग निळं परत आलं.

"मिनिट," सोहोनी म्हणाले. "लिहिलं. पुढे?"

मला फुगा दिसत नव्हता. रेघांच्या मधोमध एक हिरवट-काळा डाग होता आणि मी जिकडे बघेन तिकडे तो जात होता.

"निंबकर?"

"काही नाही. एक क्षण."

मी मान जराशी सरकवली आणि डावा डोळा लावला. फुगा तिथेच होता, रेघेच्या किंचित वर. हातांनी त्याला सोडलं नव्हतं.

"लिहा," मी म्हणाले.

आणखी काही मिनिटं आम्ही त्याच्या मागे होतो. मग तो फुटला. सोहोनी आत धावले आणि मी त्यांच्या मागोमाग. त्यांनी टेबलावरच्या नकाशावर आलेखाचा पारदर्शक कागद पसरला, पट्टी घेतली, आणि मी सांगत गेले तशा रेघा ओढत गेले. यंत्र सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत प्रत्येक थरातला वारा त्याला किती ढकलेल, त्याचे ते तुकडे होते. शेवटच्या तुकड्याचं टोक जिथे आलं तिथे खालच्या नकाशावर एक छोटं देऊळ काढलेलं होतं.

सोहोनींनी पेन्सिल खाली ठेवली. लाल झाकण अजून उघडंच होतं. फ्रान्सिसनं ते हळूच बंद केलं.

"केव्हा कापायचं?" सोहोनींनी विचारलं.

"वरचा वारा मोठ्या फुग्याला पश्चिमेकडे आणतोय. जसा तो इकडे सरकेल तशी उतरण्याची जागाही सरकेल. वीसेक मिनिटांत ती जांभळीच्या अलीकडे येईल. तिथे तलाव आहे, भोवती शेतं. रब्बी निघालीय. माणूस नसेल."

"तलाव," सोहोनी म्हणाले.

"तलाव किंवा शेत. इतकं नेमकं नाही सांगता येत."

"आणि वीस मिनिटं फुगा टिकला नाही तर?"

मी मनगटावरचं घड्याळ काढून नकाशावर ठेवलं.

फ्रान्सिसनं हेडफोन घातला. तो उंचीचे आकडे मोठ्यानं सांगायला लागला आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी होता. सोहोनी खिडकीशी गेले, परत आले. गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. मग खुर्ची ओढून बटणासमोर बसले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

फ्रान्सिसनं आकडा सांगितला. वायरलेसवर बेंबडे म्हणाला, "साहेब, इथनं दिसतंय आपलं. डोक्यावर पांढरा ठिपका. लोकं बोट दाखवायला लागलीत."

"आता?"

"नाही, सर."

"गती वाढली," फ्रान्सिस म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "सर, खूप वाढली."

सोहोनींचं बोट बटणावर होतं. मी त्या बोटाकडे बघत होते. त्याच्या नखाशी दुर्बिणीचे आरसे घासताना पडलेला जुना काळा वण होता. त्यांनी एक शब्दही विचारला नाही. ते माझी वाट बघत होते.

"आता," मी म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग फ्रान्सिस म्हणाला, "सुटलं." आणि बराच वेळ गेल्यावर, "छत्री उघडली."

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं त्या वायरलेसकडे बघत होतो. बेंबडेनं छत्री बघितली होती. जत्रेच्या पश्चिमेला, उंच, लाल-पांढरी. "येतंय, साहेब... इकडंच येतंय... जरा थांबा... तळ्यावर आलंय... खाली गेलं, खाली गेलं..." मग खरखर. मग तो म्हणाला, "पाण्यात पडलं, साहेब. मधोमध."

"कुणाला लागलं?" सोहोनींनी विचारलं.

"कुणाला नाही. म्हशी होत्या दोन, त्या पळाल्या."

सोहोनींनी मान डोलावली. ते उठून बाहेर गेले आणि गोदामाच्या सावलीत, जमिनीवर बसून राहिले. संध्याकाळी बेंबडेनं कोळ्यांच्या मदतीनं दुर्बीण काढून आणली तेव्हा तिच्या फटींतून शेवाळाचं पाणी गळत होतं. नऊ वर्षांच्या आरशांपैकी एकही शाबूत नव्हता.

मी कुणाला काही बोलले नव्हते. डाग जाईल असं मला वाटत होतं. पण दुपारी सोहोनींनी कोनांचा कागद माझ्यासमोर ठेवला होता. "एकदा तपासून सही करा." मी कागद धरला, सरकवला, तिरका केला. मग मान वळवून एका डोळ्यानं वाचायला लागले. मान वर केली तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

"डावा डोळा मिटा," ते म्हणाले.

मी मिटला.

"माझा चेहरा दिसतोय?"

"कान दिसतायत," मी म्हणाले. "केस दिसतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः जीप चालवत मला जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ उजेड पाडून आत बघितलं. सोहोनी शेजारी उभेच होते.

"एखादं भिंग घासून काही जमणार नाही का?" त्यांनी विचारलं. "जाड, पातळ, कसंही. मी करून देईन."

"भिंग चांगलं आहे हो," डॉक्टर म्हणाले. "आतली फिल्म जळलीय. मधोमध."

"थोडीशीच ना?"

"थोडीशीच. पण मधोमध."

डॉक्टरांचं खरं ठरलं. तो ठिपका आज त्रेचाळीस वर्षांनीही तिथेच आहे. उजव्या डोळ्यानं मला माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी वारा मोजला तो डाव्या डोळ्यानं, आणि त्यात कधी अडलं नाही. सोहोनींनी पुन्हा दुर्बीण बांधली. ती वर गेली आणि सुखरूप खाली आली. त्या दिवशी उतरण्याची जागा मीच सांगितली होती.

पण मला आठवतं ते डॉक्टरांकडून परत येणं. माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. जांभळीचा फाटा आला तशी सोहोनींनी न विचारता जीप आत वळवली. जत्रा तीन दिवसांची होती. धुळीत, गुलालात, तळणाच्या वासात माणसं नुसती दाटली होती. पाळणे फिरत होते. एका बाजूला कुस्त्या चालू होत्या आणि पोरं झाडांवर चढून बघत होती. रेवड्या विकणाऱ्या एका बाईपाशी आम्ही थांबलो.

"ताई, डोळ्याला काय झालं?" तिनं विचारलं.

"ऊन लागलं."

"चैताचं ऊन वाईटच. काल तर बघा ना, आभाळातनं मोठी छत्री आली होती. इकडंच येत होती. मारुतीरायानं तिकडं तळ्यात ढकलली." तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. मग रेवड्यांचा पुडा माझ्या हातात दिला. "तुम्ही होता का काल? बघितली का?"

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सोहोनी शेजारी नाहीत. ते थोडं पुढे जाऊन उभे होते, गर्दीकडे तोंड करून. एक बाई लेकराला काखेत मारून त्यांना धक्का देत पुढे गेली. दोन पोरांनी पिपाण्या वाजवत त्यांच्याभोवती फेरा मारला. ते हलले नाहीत. मी त्यांच्याजवळ गेले.

"किती माणसं आहेत हो, निंबकर," ते म्हणाले.

त्यांचा आवाज फुटला होता. मी डाव्या डोळ्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही. गर्दीकडेच बघत राहिले.